लाहोरची प्राध्यापकी ते अमेरिकेचा किनारा : स्वामी रामतीर्थ



नोकरी सोडून दूर परदेशी निघून जावे, हा विचार तुमच्याही मनात कधीतरी येऊन गेला असेल. कुणाला तिथे जास्त पगार दिसतो, कुणाला मोकळीक, तर कुणाला सेवेची संधी. आज आपण ज्यांच्या जीवनाकडे वळणार आहोत, त्यांनीही नोकरी सोडली आणि समुद्र ओलांडला. लाहोरमध्ये ते गणिताचे प्राध्यापक होते. वय सव्वीस, घरी पत्नी आणि मुले, गावी वडील, शहरात नाव. दोन वर्षांनी ते जपानला आणि तिथून अमेरिकेला गेले, तेव्हा खिशात पैसा नव्हता आणि हातात सामान नव्हते. स्वामी रामतीर्थ हे नाव आपण सत्संगात ऐकलेले असते. पण त्या नावामागच्या माणसाने काय सोडले आणि त्याची किंमत कुणी कुणी दिली, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणून आधी त्यांनी काय कमावले होते ते पाहू. कष्टाने मिळवलेली वस्तू सोडणे वेगळे आणि आयती मिळालेली सोडणे वेगळे.

त्यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८७३ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पंजाबातील गुजरांवाला जिल्ह्यातल्या मुरलीवाला या गावी झाला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. मूळ नाव तीर्थराम. घराणे गोस्वामी ब्राह्मणांचे आणि परिस्थिती बेताची. आई तान्हेपणीच गेली आणि आत्याने सांभाळले. दहाव्या वर्षाच्या सुमारास लग्नही झाले, तेव्हाची रीतच तशी होती. शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना गुजरांवाल्यात भगत धन्नाराम यांच्या देखरेखीखाली ठेवले. या धन्नारामजींना तीर्थरामांनी पुढे हजारावर पत्रे लिहिली. त्यांच्या विद्यार्थिदशेबद्दल आपल्याला जे कळते, ते बरेचसे या पत्रांमधून.

मॅट्रिक झाल्यावर मुलाने कमावते व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. तीर्थराम मात्र लाहोरच्या मिशन कॉलेजात दाखल झाले. घरून मदत मिळणार नव्हती. पुढच्या दिवसांत त्यांनी जेवणाचा रोजचा खर्च तीन पैशांवर आणला होता. सकाळी दोन पैशांची रोटी आणि संध्याकाळी एका पैशाची. रोटीबरोबर डाळ फुकट मिळे. काही दिवसांनी दुकानदाराने बजावले की एका पैशाच्या गिऱ्हाइकाला फुकट डाळ परवडत नाही, आणि संध्याकाळचे जेवण बंद झाले. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा दिव्याच्या तेलात जाई. एकदा पायातला एक जोडा गटाराच्या पाण्यात वाहून गेला. नवा घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी एका पायात उरलेला जोडा आणि दुसऱ्या पायात कुठेतरी पडलेला बाईमाणसाचा जुना जोडा घातला आणि तसेच कॉलेजात गेले.

आणि अशा विद्यार्थ्याला १८९२ साली बी.ए.च्या परीक्षेत अपयश आले! बाकी विषयांत उत्तम गुण होते, घात इंग्रजीने केला. शिष्यवृत्तीही गेली. तेव्हा कॉलेजजवळच्या झंडूमल नावाच्या हलवायाने त्यांना जेवू घातले आणि राहायला जागा दिली. वाचकहो, मोठ्या माणसाच्या चरित्रात अशी माणसे एका वाक्यात येऊन जातात, म्हणून इथे क्षणभर थांबावेसे वाटते. झंडूमलांना वेदान्त किती ठाऊक होता कोण जाणे. एका हुशार मुलाने उपाशीपोटी अभ्यास करू नये, एवढे मात्र त्यांना नक्की कळत होते.

दुसऱ्या वर्षी तीर्थराम विद्यापीठात पहिले आले आणि दरमहा साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गणिताच्या पेपरची एक कथा सांगतात. तेरापैकी कोणतेही नऊ प्रश्न सोडवा, अशी सूचना होती. यांनी तेराच्या तेरा सोडवले आणि त्यातले कोणतेही नऊ तपासावेत, असे परीक्षकालाच लिहून ठेवले. १८९५ मध्ये ते लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून गणितात एम.ए. झाले.

परदेशाचा विषय त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा आला तो याच काळात. इंग्लंडला जाऊन गणिताचे उच्च शिक्षण घ्यावे, अशी त्यांची तीव्र इच्छा होती. त्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती मात्र दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाली. प्राचार्य बेल यांचा त्यांच्यावर लोभ होता. त्यांनी सरकारी सेवेच्या परीक्षेसाठी तीर्थरामांचे नाव पाठवायची तयारी दाखवली. ती नोकरी म्हणजे अधिकार, बंगला, पेन्शन. तीर्थरामांनी नम्रपणे नकार दिला. एवढ्या कष्टाने आलेले ज्ञानाचे पीक आपल्याला बाजारात विकायचे नाही, वाटायचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मग सियालकोटच्या मिशन हायस्कूलमध्ये शिक्षकी आणि १८९६ मध्ये लाहोरला, स्वतः जिथे शिकले त्याच मिशन कॉलेजात, गणिताची प्राध्यापकी. गणितात प्रावीण्य कसे मिळवावे यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानही दिले होते. पगार हाती आला की देणेकऱ्यांना, गरजू विद्यार्थ्यांना आणि धन्नारामजींना जाई. महिनाअखेर हात रिकामाच. कॉमर्स शिकणाऱ्या माझ्यासारख्याला हा जमाखर्च पाहून धडकीच भरते.

आता नीट लक्ष द्या. तीर्थरामांनी नोकरी एका रात्रीत सोडलेली नाही. आपल्याकडे वैराग्याच्या गोष्टी अशा सांगितल्या जातात की जणू एक दिवस वीज चमकली आणि माणूस उठून चालू लागला. इथे पुरी तीन वर्षे गेली.

१८९७ च्या दिवाळीत त्यांनी वडिलांना एक पत्र लिहिले. दिवाळीत जुगार खेळायची चाल असते. त्याच भाषेत त्यांनी कळवले की आपण आपला देह हरलो आहोत आणि ईश्वराला जिंकले आहे, आता हे शरीर त्याच्या मालकीचे, तेव्हा घरच्यांनी जे मागायचे ते त्याच्याकडे मागावे. असे पत्र हातात पडल्यावर त्या बापाला काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १८९७ मध्ये, स्वामी विवेकानंद लाहोरला आले. तिथली त्यांची वेदान्तावरील व्याख्याने प्रसिद्ध आहेत. त्यांच्या मुक्कामात व्यवस्था पाहणाऱ्यांमध्ये हे तरुण प्राध्यापक आघाडीवर होते. निघताना तीर्थरामांनी आपले सोन्याचे घड्याळ स्वामीजींना भेट दिले. स्वामीजींनी ते घेतले आणि परत तीर्थरामांच्याच खिशात ठेवले. हे मी इथेच, या खिशातच वापरीन, असे त्यांनी सुचवले. समोरचा माणूस आणि आपण वेगळे नाही, ही शिकवण त्यांनी कृतीतून दिली. हाच धडा पाच वर्षांनी एका परक्या बंदरात तीर्थरामांच्या कसा उपयोगी पडला, ते पुढे येईलच.

तरीही ते दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायला गेले. १८९८ च्या सुट्टीत हरिद्वार आणि ऋषिकेशच्या अरण्यात एकांतात राहिले आणि सुट्टी संपल्यावर परत आले. पुढच्या वर्षी काश्मीर आणि अमरनाथ. मग मिशन कॉलेजातली पूर्ण वेळेची जागा सोडून ओरिएंटल कॉलेजात कमी तासांचे काम पत्करले. कवी महंमद इक्बाल याच सुमारास त्या कॉलेजात होते आणि दोघांचा स्नेह होता. इक्बालांनी पुढे रामतीर्थांवर एक कविताही लिहिली. १९०० साली तीर्थरामांनी ‘अलिफ’ नावाचे उर्दू मासिक सुरू केले. अलिफ हे फारसी लिपीचे पहिले अक्षर, म्हणजे नुसती एक उभी रेघ, आणि अद्वैतासाठी त्यांना तीच पुरेशी वाटली. एका बाजूने नोकरीचे तास कमी होत होते आणि दुसऱ्या बाजूने एकांत वाढत होता. फळ पिकत असताना देठ सैल होत जातो, तसे काहीसे चालले होते.

जुलै १९०० मध्ये देठ सुटला. नोकरी सोडून ते हिमालयाकडे निघाले आणि बरोबर पत्नी, मुले व काही सोबती होते. टिहरीच्या परिसरात गंगाकाठी पोहोचल्यावर त्यांनी जवळचे सगळे पैसे नदीत टाकायला लावले, असे सांगतात. उद्याची चिंता ईश्वराची. त्याच वाटेवर चालणाऱ्या काली कमलीवाले यांच्या अन्नछत्राकडून शिधा मिळण्याची सोय झाली, असेही सांगतात. ही गोष्ट ऐकून आपण हात जोडतो. पण त्या काठावर एक आईसुद्धा मुलांना घेऊन बसली होती. तिला कुणी विचारले होते का? थोड्या काळाने पहाडातले हवापाणी तिला मानवेना. ती आजारी पडली आणि धाकट्या मुलाला घेऊन गावी परतली. चरित्रकार तिला दोन ओळी देतात आणि पुढे सरकतात. आपण तरी तसे करू नये. स्वामी रामतीर्थांच्या त्यागात तिचाही वाटा आहे आणि तो तिने स्वतः निवडलेला नव्हता. श्रद्धा कमी न करता हे म्हणता येते, असे मला वाटते.

१९०१ च्या सुरुवातीला त्यांनी गंगेच्या साक्षीने संन्यास घेतला. द्वारकापीठाच्या शंकराचार्यांनी, वैराग्य पूर्ण झाले की संन्यास घ्यावा, अशी अनुज्ञा त्यांना आधीच दिलेली होती. तीर्थरामचे रामतीर्थ झाले. अक्षरे तीच, क्रम फक्त उलटला.

आता परदेश. टिहरीचे महाराज कीर्तिशाह इंग्रजी शिकलेले आणि ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल साशंक होते. १९०२ मध्ये स्वामीजींशी तासन् तास बोलणे झाले आणि महाराज त्यांचे भक्त बनले. त्याच सुमारास टोकियोत सर्व धर्मांची परिषद भरणार असल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. महाराजांनी प्रवासखर्च दिला आणि २८ ऑगस्ट १९०२ रोजी स्वामीजी शिष्य नारायण स्वामींसह कलकत्त्याहून बोटीत बसले. गंमत पाहा. काही वर्षांपूर्वी परदेशी जायची धडपड केली तेव्हा शिष्यवृत्ती हुकली. आता काहीच मागितले नव्हते, तर तिकीट चालत आले.

योकोहामाला उतरले तेव्हा तिथल्या सिंधी व्यापाऱ्यांनी आश्रय दिला. टोकियोत पोहोचल्यावर कळले की अशी कुठलीही परिषद नाही. बातमी खोटी होती! आपण असतो तर डोक्याला हात लावून परतीची बोट शोधली असती. स्वामीजी मनापासून हसले आणि जे समोर आहे ते करू लागले. टोकियोच्या कॉमर्स कॉलेजात त्यांनी यशाच्या रहस्यावर व्याख्यान दिले. कामात स्वतःला विसरणे, हा त्याचा गाभा. व्यापार शिकायला बसलेल्या त्या जपानी मुलांना त्यांनी संन्यास घ्या असे सांगितले नाही. दिव्याला उजेड द्यायचा असेल तर तेल-वात जाळावीच लागते, म्हणून आपापल्या कामात स्वतःला झोकून द्या, असे सांगितले.

टोकियोतच त्यांना पूरण सिंग भेटले. पंजाबातून रसायनशास्त्र शिकायला आलेला हा तरुण स्वामीजींच्या सहवासाने इतका भारावला, की लवकरच त्याने भगवी वस्त्रे धारण केली. स्वामीजी जपानात जेमतेम दोन आठवडे होते. नारायण स्वामींना त्यांनी वेगळ्या दिशेने प्रचाराला धाडले आणि स्वतः अमेरिकेकडे निघाले. यात आपल्या मराठी वाचकांसाठी एक आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या या प्रवासाला सोबत होती प्रोफेसर छत्रे यांच्या सर्कशीची! १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी जी पहिली भारतीय सर्कस उभी केली, तीच ही. एकीकडे कसरतपटूंचा तांडा आणि दुसरीकडे एकटा हसरा संन्यासी. या मंडळींच्या गप्पा कुणी लिहून ठेवल्या असत्या तर किती बरे झाले असते!

बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. सगळे प्रवासी सामान गोळा करायच्या घाईत होते आणि हे डेकवर शांतपणे फिरत होते. एका अमेरिकन माणसाला नवल वाटले. त्याने विचारपूस केली. सामान कुठे आहे? जे अंगावर आहे तेवढेच. पैसे? जवळ ठेवत नाही. इथे कुणी ओळखीचे, मदत करणारे? त्यावर स्वामीजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकच मित्र आहे, तो म्हणजे तुम्ही, असे सांगितले. तो माणूस त्यांचा चाहता बनला, अशी ही कथा आहे. खिशात परत ठेवलेल्या त्या घड्याळाची आठवण झाली ना?

पुढे डॉ. अल्बर्ट हिलर आणि त्यांच्या पत्नीने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. सुमारे दीड वर्ष ते त्यांच्या आश्रयाने राहिले. त्यातला बराच काळ उत्तर कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो नदीकाठच्या शास्ता स्प्रिंग्ज येथे गेला. पाहुणा म्हणून बसून खाणे त्यांना मान्य नव्हते. ते जंगलातून जळाऊ लाकूड आणून देत. माउंट शास्ताच्या शिखरावर ते चढून गेले. लांब पल्ल्याच्या एका शर्यतीत ते सहज धावले, असेही सांगतात. लाहोरात अर्धपोटी राहून प्रकृती बिघडवून घेतलेला हाच तो विद्यार्थी, हे लक्षात घ्या. अन्न, हवा, श्रम आणि निश्चिंत मन मिळाल्यावर शरीरही खुलले.

सॅन फ्रान्सिस्कोतली त्यांची व्याख्याने अद्वैतावर असत. पण भाषा ग्रंथांची नसे. गणिताची उदाहरणे, फारसी सूफी कवी, एमर्सन आणि व्हिटमन, पंजाबातल्या लोककथा असे सगळे त्यात येई. मधेच ते ओम्‌चा उच्चार करत आणि हसत. शिवाय त्यांनी अमेरिकन लोकांपुढे भारताची बाजू मांडली. जातिभेदाने आणि दारिद्र्याने पोखरलेल्या देशाची खरी अवस्था सांगितली आणि भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकता यावे म्हणून मदतीचे आवाहन केले. इंग्लंडची शिष्यवृत्ती हुकलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी शब्द टाकावा, यातला अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. परदेशी जाऊन आपला देश विसरणारे आपण पाहतो. यांना तो तिथे गेल्यावर अधिक स्पष्ट दिसला.

अमेरिकेत ते स्थिरावू शकले असते. श्रोते होते, यजमान होते, मान होता. म्हणजे पुन्हा एकदा एक बसलेली घडी तयार झाली होती. तीही त्यांनी मोडली. नोकरी सोडण्यापेक्षा हे दुसरे सोडणे मला अधिक अवघड वाटते. पहिल्या वेळी पुढे काहीतरी ओढत असते. दुसऱ्या वेळी मागे फक्त आपल्याच कामाचे कौतुक उभे असते. न्यूयॉर्कहून निघून वाटेत इजिप्तमध्ये थांबून, कैरोच्या मशिदीत फारसीतून बोलून, ८ डिसेंबर १९०४ रोजी ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले.

मथुरेत भक्तांनी आग्रह धरला की आता स्वामीजींच्या नावे एक संस्था काढू. त्यांनी साफ नकार दिला. भारतात आधीच ज्या संस्था आहेत त्या सगळ्या आपल्याच आहेत, त्यांतूनच आपण काम करू, अशी त्यांची भूमिका होती. कार्यकर्ते म्हणून काम करणाऱ्या आपल्या सगळ्यांना ही गोष्ट पचवायला थोडा वेळ लागेल.

शेवटची दोन वर्षे त्यांना पुन्हा हिमालयाने ओढून घेतले. त्यांनी वेदांचा नव्याने अभ्यास सुरू केला आणि उंचावरच्या वसिष्ठ आश्रमात मुक्काम केला. प्रकृती मात्र उतरली होती. ऑक्टोबर १९०६ मध्ये ते टिहरीला आले. १७ ऑक्टोबरला दिवाळी होती. त्या दिवशी ते लेखन करत होते, त्यात मृत्यूलाच संबोधून काही ओळी होत्या. दुपारी नदीवर स्नानाला उतरले, पाय सरकला आणि प्रवाहाच्या भोवऱ्यात सापडले. काठावर स्वयंपाकी होता, पण त्याला काही करता आले नाही. तेहतीस वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते.

मागे ठेवलेले सामान म्हणजे कागद. अमेरिकेतल्या श्रोत्यांनी टिपून घेतलेली व्याख्याने त्यांत होती. नारायण स्वामी आणि पूरण सिंग यांनी ती जमवली आणि दिल्लीच्या मास्टर अमीरचंदांनी ती पहिल्यांदा छापून काढली. हे अमीरचंद शाळामास्तर होते. क्रांतिकार्याच्या खटल्यात १९१५ मध्ये त्यांना फाशी झाली. नारायण स्वामी आयुष्यभर गुरूंच्या ग्रंथांच्या प्रकाशनासाठी झटले. आणि पूरण सिंग? टोकियोत भगवी वस्त्रे घेतलेला तो तरुण भारतात परतला, संसारात पडला आणि डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरीला लागला. तो पंजाबीतला थोर कवीही झाला. गुरूने सोडली तशीच नोकरी शिष्याने धरली, आणि १९२४ मध्ये गुरूचे चरित्र लिहिले ते याच शिष्याने.